जुन्या गाडीत स्पीडवर लक्ष ठेवायला स्वस्तात काय काय बसवावं?

शिवणेकर

नमस्कार मंडळी. घरात २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, तेव्हा वरचं मॉडेल घेतलेलं त्यामुळे दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम) आहे, बाकी म्हणाल तर काही नाही, ना स्पीडचा बीप, ना पार्किंग सेन्सर, ना क्रूझ (पाय न ठेवता गाडी एका वेगात ठेवणारी सोय). गाडी ठणठणीत आहे आणि इतक्यात बदलायची नाहीये. बाबा (वय ६८) अधूनमधून कराडला जातात आणि बायको रोज चाकणला. बाबांचं हायवेवर काय होतं की रस्ता मोकळा मिळाला की काटा हळूहळू चढत जातो आणि त्यांना ते जाणवतच नाही, मग मोबाईलवर चलान येतं आणि घरात दोन दिवस त्यावर चर्चासत्र. चलानाचे पैसे गेले त्याचं एक असतं पण काळजी जास्त वाटते.

तर दहा-बारा हजारांत काय काय करता येईल? अॅक्सेसरीवाल्याकडे गेलो तर त्याने काचेवर स्पीड दाखवणारं यंत्र, टायरचे सेन्सर, डॅशकॅम, रिव्हर्स कॅमेरा, अँड्रॉइड स्टिरिओ सगळं एकदम टेबलावर मांडलं आणि "सर फुल पॅकेज करून देतो" म्हणाला. प्रत्येक वस्तू त्याच्या मते एकदम बेस्ट. म्हणून म्हटलं आधी इथे विचारावं. वापरलेल्यांनी सांगा प्लीज, जाहिराती वाचून झाल्यात.

आडवाटेचा_प्रवासी

पैसे खर्च करायच्या आधी मोबाईल बघा. गूगल मॅप्समध्ये स्वतःच्या फोटोवर टॅप करून सेटिंग्जमध्ये जा, तिथे नेव्हिगेशनच्या खाली स्पीडोमीटर आणि स्पीड लिमिट अशी दोन बटणं आहेत, दोन्ही चालू करा. नेव्हिगेशन लावलं की कोपऱ्यात चालू स्पीड दिसतो आणि मर्यादा ओलांडली की रंग बदलतो. फुकट आहे. मॅपमायइंडियाचं मॅपल्स अॅपही टाकून बघा, ते पुढे स्पीडब्रेकर, वळण आहे वगैरे सांगतं, आपल्याकडच्या रस्त्यांना ते फार कामाचं आहे कारण आपले अर्धे स्पीडब्रेकर हे गावकऱ्यांनी स्वतःच्या मनाने घातलेले असतात आणि त्यावर पट्टेपण नसतात.

पण बाबांसाठी माझं मत वेगळं आहे. त्या वयात सारखं मोबाईलकडे बघायला लावणं बरं नाही. त्यापेक्षा साधं जीपीएस स्पीडोमीटरचं अॅप घ्या ज्यात आपण आकडा सेट करतो, समजा ९०, आणि त्यावर गेलं की आवाज येतो. बघायची गरजच नाही, कानावर पडलं की पाय आपोआप सैल होतो.

शिवणेकर

>> पण बाबांसाठी माझं मत वेगळं आहे

हे पटलं. एक शंका, मी काल मॅप्सचं स्पीडोमीटर लावून बघितलं तर गाडीचा काटा ९८ दाखवत होता आणि मोबाईल ९३. कोण खोटं बोलतंय? काटा खराब झाला असेल तर बदलावा लागेल का?

मापात_पाप

काटा खराब नाही, काटा मुद्दाम तसाच बनवतात :)

नियमच असा आहे की गाडीचा स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवता कामा नये, जास्त दाखवला तर चालेल. संयुक्त राष्ट्रांचा जो आंतरराष्ट्रीय नियम आहे (आर ३९) त्यात जास्तीत जास्त सूट म्हणजे खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ४ किमी. म्हणजे खरा वेग १०० असताना काटा १०० ते ११४ मध्ये कुठेही असला तरी तो नियमात बसतो. कंपन्या सगळी सूट वापरत नाहीत, बहुतेक गाड्या चार-सहाने पुढे असतात. कारण साधं आहे, काटा चाकाच्या फेऱ्या मोजतो आणि चाकाचा घेर बदलत असतो. नवीन टायर आणि घासलेला टायर यांच्या व्यासात सेंटीमीटरभर फरक पडतो, हवा कमी-जास्त असते, लोक टायरचा साईज बदलतात, तरी काट्याने कमी दाखवायचं नाही, म्हणून तो आधीच पुढे ठेवलेला असतो.

जीपीएसचा आकडा एका सरळ वेगात जास्त बरोबर. पण ब्रेक मारलात किंवा अॅक्सिलरेटर दाबलात की तो एक-दोन सेकंद मागे राहतो आणि बोगद्यात तर पार गायब. त्यामुळे काट्याला भंगार ठरवू नका.

आणि ज्यांनी "लूक" साठी टायर मोठे टाकलेत त्यांनी हे वाचा. १६५/८० आर१४ च्या जागी १९५/६५ आर१५ टाकलात तर चाकाचा व्यास साधारण अडीच टक्के वाढतो. म्हणजे काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी आधीपेक्षा अडीचने जोरात पळत असेल. जी काय चार-पाचची सूट होती त्यातली निम्मी गेली, आणि मग म्हणायचं कॅमेरा खोटारडा आहे.

रोजचा_एक्स्प्रेसवे

मस्त माहिती वरती. मी आठवड्यातून चार दिवस मुंबई-पुणे करतो त्यामुळे कॅमेऱ्यांबद्दल बोलतो. २०२४ च्या जुलैपासून एक्स्प्रेसवेवर ती आयटीएमएस, म्हणजे कॅमेऱ्यांनी वाहतुकीवर नजर ठेवणारी सिस्टीम चालू आहे. आधी लोकांना गन घेऊन उभी असलेली गाडी कुठे असते ते पाठ होतं, तेवढ्यापुरता ब्रेक मारायचा आणि मग परत सुसाट. आता कमानीवरचे कॅमेरे नुसता त्या जागेचा स्पीड बघत नाहीत, एका कमानीपासून दुसऱ्या कमानीपर्यंत किती वेळात आलात त्यावरून सरासरी पण काढतात. गणित चौथीतलं आहे, १० किमी अंतर १०० ने सहा मिनिटांत होतं, तुम्ही पाच मिनिटांत पोचलात म्हणजे सरासरी १२० आली, मग कॅमेऱ्याखालून कितीही सभ्यपणे गेलात तरी उपयोग नाही. शिवाय सीटबेल्ट, हातातला मोबाईल, लेन, सगळं दिसतं त्याला. घाटात मर्यादा सपाटीपेक्षा बरीच कमी आहे आणि चलानं बसतात ती तिथेच, कारण उतारावर गाडी आपोआप पळते.

म्हणून "पुढे कॅमेरा आहे" असं सांगणाऱ्या अॅपवर भिस्त ठेवू नका, तुमच्या बाबांना लागतंय ते सतत एका वेगात ठेवणारं काहीतरी. गाडीत क्रूझ असता तर प्रश्नच मिटला असता. बाहेरून क्रूझ बसवून देणारे आहेत पण जुन्या गाडीच्या थ्रॉटलच्या वायरिंगला हात लावणं मला तरी पटत नाही.

आणि घाईचं म्हणाल तर, पूर्ण एक्स्प्रेसवे ९४.५ किमी. १०० ने ५७ मिनिटं, १२० ने ४७. दहा मिनिटं वाचतात, ती खालापूरच्या टोलला नाहीतर फूडमॉलमध्ये वड्याच्या रांगेत जातातच.

उंटावरचा_शहाणा

ते सगळं ठीक, पण तुम्ही बीप बीप मागताय आणि मी बीप बंद करायचा मार्ग शोधतोय. माझी गाडी २०२१ ची आहे, ८० च्या वर गेलं की टिंग टिंग, समृद्धीवर १२० ची मर्यादा असताना ही बया ८० पासून टोकत बसते. झोपलेलं पोरगं उठतं. कोणी बंद करून घेतलाय का? गॅरेजवाला म्हणतो होईल.

मापात_पाप

@उंटावरचा_शहाणा, १ जुलै २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या कारना तो सक्तीचा आहे. ८० वर अधूनमधून, १२० च्या वर अखंड. त्याच नियमात ड्रायव्हरची एअरबॅग, पुढच्या दोन्ही सीटना बेल्टचा बझर आणि मागचे पार्किंग सेन्सर आले. सॉफ्टवेअरमध्ये छेडछाड करून घेतलीत तर वॉरंटीचं बघा.

पण तुमच्या तक्रारीत तथ्य आहे हे मान्य. ८० हा आकडा ना घर का ना घाट का. हायवेवर सारखा वाजतो म्हणून कान मेलेले होतात, आणि शहरात जिथे ५० च्या वर जायला नको तिथे तो ७५ पर्यंत गप्प. म्हणूनच आपण सेट केलेला आकडा जास्त कामाचा. बऱ्याच गाड्यांच्या मीटरमध्ये हा पर्याय असतो, लोकांनी मॅन्युअल उघडलेलंच नसतं. रस्त्याप्रमाणे बदलायचा, गावात ५०, हायवेवर ९० किंवा ९५.

गोदाकाठ

बीप बंद करण्यावरून आठवलं, ती सीटबेल्टच्या खाचेत घालायची क्लिप, जिच्याने बझर गप्प होतो, ती राजरोस ऑनलाइन विकत होते. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मोठ्या साईट्सना आदेश काढला तेव्हा तेरा हजारांवर लिस्टिंग खाली उतरवली गेली. तेरा हजार!! म्हणजे मागणी केवढी असेल बघा. आमच्या शेजारच्या काकांकडे गणपतीच्या चित्राची क्लिप आहे, काय बोलणार.

मागच्या सीटवरच्यांनी पण बेल्ट लावा हो. २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्रींचा अपघात झाला तेव्हा महिनाभर सगळे लावत होते, मग परत जैसे थे. जुन्या गाडीत मागचे बेल्ट सीटच्या फटीत खाली गेलेले असतात, सीटकव्हर घालताना कव्हरवाल्याने बक्कल आत दाबून टाकलेलं असतं. शिवणेकर, तुमच्या गाडीचं आधी ते बघा, त्याला शून्य रुपये लागतात.

वऱ्हाडी_झटका

भाऊ मी वर्ध्याचा, समृद्धीवर आमचं येणंजाणं नेहमीचंच. ७०१ किमीचा रस्ता पूर्ण झाला जून २०२५ मध्ये, आता लोक नागपूरहून निघून थेट मुंबईकडे दामटून राहिले. स्पीडचं सगळे बोलून राहिले, टायरचं कोणी बोलतच नाही. सिमेंटचा रस्ता, आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन, गाडीत पाच जण अन् डिक्कीत संत्र्याच्या पेट्या, अन् हवा पंधरा दिवसांआधी भरलेली. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त वाकते, वाकली की तापते, १२० वर तासभर तापली की फुटते. लोकांना वाटते हवा जास्त झाल्यानं फुटते म्हणून अजून कमी करतात, उलटं काम.

तर टीपीएमएस घ्या, म्हणजे टायरमधली हवा दाखवणारे सेन्सर. सर्वात स्वस्त म्हणजे व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी बसणारे चार सेन्सर अन् डॅशबोर्डवर सोलरचा छोटा डबा, दोन ते तीन हजारात येते, घरीच बसते. रिमच्या आत बसणारे घ्याल तर जास्त पैसे, अन् टायर उतरवावं लागते, पण चोरीला जात नाही. बाहेरच्याचे दोन त्रास आहेत, एक म्हणजे पार्किंगमधून कोणी काढून नेते (सोबत एक नट येते लॉकसाठी, ते लावा), दुसरा म्हणजे जुना रबरी व्हॉल्व्ह कडक झालेला असला तर सेन्सरच्या वजनानं तिथून हवा निघते. म्हणून आधी पंक्चरवाल्याकडून चारही व्हॉल्व्ह नवे टाकून घ्या, काही महाग नाही.

अन् टायरवर शेवटचे चार आकडे वाचा, २३१८ असेल तर २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसते म्हणून खुश नका होऊ, तुमची गाडी २०१६ ची अन् शहरात कमी फिरलेली, स्टेपनी तर नक्की पहिलीच असेल.

शिवणेकर

बापरे, आत्ता खाली जाऊन टॉर्च मारून बघून आलो. चार टायर २०२१ चे, स्टेपनी ३८१५!! म्हणजे गाडीपेक्षा वयाने मोठी. धन्यवाद भाऊ, हे डोक्यातच नव्हतं.

लेन्सवाली_माऊ

डॅशकॅमबद्दल. स्पीड कमी करायला तो काही मदत करत नाही हे आधीच सांगते, तो अपघातानंतरच्या भांडणासाठी असतो. घ्यायचाच असेल तर तीन-चार हजारांत पुढचा एक चांगला मिळतो. बघायचं काय, तर आत बॅटरी नको, कपॅसिटरवाला हवा. आपल्या उन्हात बंद गाडीच्या काचेजवळ बॅटरी फुगते. मी आधी घेतलेला बॅटरीवाला एका उन्हाळ्यात फुगून मागचं झाकण उघडलं होतं. मेमरी कार्ड साधं मोबाईलचं टाकू नका, सतत लिहून-पुसून मरतं आणि नेमका हवा तो व्हिडिओच मिळत नाही, हाय एन्ड्युरन्स लिहिलेलं घ्या आणि महिन्याने-दोन महिन्यांनी फॉरमॅट करा.

वायरिंगसाठी अॅक्सेसरीवाला मूळ वायर सोलून टेप मारून जोडतो, ते करू देऊ नका. फ्यूजबॉक्समध्ये फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसणारा जोड) लावून घ्या किंवा सरळ सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून द्या. जागा आरशाच्या मागे, ड्रायव्हरच्या नजरेत यायला नको.

आणि एक गंमत. जीपीएसवाल्या डॅशकॅममध्ये व्हिडिओवर खाली स्पीड छापून येतो. समोरच्याची चूक दाखवायला तुम्ही क्लिप द्याल आणि खाली स्वतःचाच ११८ दिसेल. त्या भीतीने आमचे हे ९० वर आले, म्हणजे झाली म्हणायची मदत!

हो, त्यात लेन सुटली, पुढची गाडी जवळ आली असं बोलणारं जे असतं ते पहिल्या दिवशी बंद करा. आपल्याकडे लेन असतेच कुठे, ती बाई सारखी ओरडत राहते.

श्टुटगार्टी

मी मूळचा सांगलीचा, सध्या जर्मनीत. इकडे युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत स्पीड असिस्टंट सक्तीचा झालाय, कॅमेऱ्याने पाट्या वाचून आणि नकाशावरून तो मर्यादा ओळखतो आणि वर गेलात की आवाज करतो. बंद करता येतो पण गाडी परत चालू केली की तोही परत चालू. ऐकायला छान वाटतं ना? प्रत्यक्षात काय होतं, शेजारच्या सर्व्हिस रोडची ३० ची पाटी वाचून तो हायवेवर बोंब मारतो, किंवा रस्त्याचं काम संपून महिना झाला तरी जुना आकडा धरून बसतो. त्यामुळे माझ्या ऑफिसातले अर्धे लोक गाडीत बसल्यावर बेल्ट लावायच्या आधी तो बंद करतात. मुद्दा असा की चुकीची सूचना देणारं यंत्र हे नसल्यापेक्षा वाईट, कारण माणूस त्याचं ऐकायचं सोडतो आणि मग बरोबर सांगतं तेव्हाही ऐकत नाही. तुमच्याकडच्या पाट्यांची अवस्था बघता नकाशातल्या मर्यादेवर विसंबू नका, वर म्हटलंय तसा स्वतःचा एकच आकडा ठेवा.

अवांतर: इथे ड्रायव्हरने गाडी चालवताना कॅमेरे दाखवणारं अॅप वापरणं बेकायदा आहे. तरी सगळ्यांच्या फोनमध्ये असतं. माणूस इथूनतिथून सारखाच.

उंटावरचा_शहाणा

>> बेल्ट लावायच्या आधी तो बंद करतात

बघा, जर्मन लोकसुद्धा माझ्या बाजूने आहेत. हलके घ्या.

पण शिवणेकर, प्रामाणिकपणे सांगतो, ही खेळणी घेण्यापेक्षा ते पैसे टायर आणि ब्रेकपॅडला घाला. वायपरची रबरं बदला, हेडलाईटची काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्या, पाचशे-हजारात रात्रीचं दिसणं सुधारतं. एअरबॅग आणि एबीएस बाहेरून बसवता येत नाही, ते तुमच्याकडे आधीच आहे म्हणजे निम्मी लढाई जिंकलेली आहे.

मापात_पाप

टायर-ब्रेकला अनुमोदन. पण ब्रेक कितीही नवे असले तरी भौतिकशास्त्र बदलत नाही, म्हणून आकडेमोड करून ठेवतो, बाबांना दाखवा, या पिढीला आकडे पटतात.

कोरडा रस्ता, बरे टायर, आणि समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरू. ८० वर त्या दीड सेकंदात गाडी ३३ मीटर जाते आणि मग थांबायला अजून ३६, एकूण ६९. १०० वर ४२ आणि ५६, एकूण ९८. १२० वर ५० आणि ८१, म्हणजे १३१ मीटर. आता समजा ६९ मीटरवर ट्रॅक्टर आडवा आला. ८० वाला त्याच्या पुढ्यात येऊन थांबला. १०० वाल्याने त्याच क्षणी त्याच ताकदीने ब्रेक मारला तरी त्या जागी तो अजून सत्तरच्या वर आहे. सत्तर! वीसचा फरक होता, आणि धडक सत्तरची. पावसात यापेक्षा वाईट.

केंद्राच्या २०२२ च्या अपघात अहवालात साधारण ७१ टक्के मृत्यूंच्या पुढे कारण म्हणून अतिवेगच लिहिलाय. पोलिसांनी भरलेले फॉर्म आहेत, त्यात सगळं खापर वेगावर फोडायची सवय असते, खड्डा किंवा चुकीचा दुभाजक कोणी लिहीत नाही, हे धरूनही आकडा मोठा आहे.

शिवणेकर

हे वाचून मीच गार पडलो. बाबांना व्हॉट्सअॅपवर पाठवलंय, "ट्रॅक्टरवाल्याने बघून यावं" असं उत्तर आलं.

तो काचेवर स्पीड दाखवणारा प्रकार कसा आहे? दुकानदाराचा सगळ्यात जास्त आग्रह त्याचाच होता.

आडवाटेचा_प्रवासी

मी वापरतोय. दोन प्रकार असतात, एक स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (गॅरेजवाला गाडीचा कॉम्प्युटर तपासायला वापरतो ते सॉकेट) जोडायचा आणि दुसरा नुसता जीपीएसवर, लायटरच्या सॉकेटमधून करंट घेतो. दीड-दोन हजारापासून मिळतात. कल्पना चांगली आहे, नजर रस्त्यावरून खाली न्यावी लागत नाही, रात्री तर फारच छान. दुपारी मात्र उन्हात काही दिसत नाही, आणि काचेला दोन पदर असल्यामुळे आकडा दोनदा दिसतो, मग सोबत आलेली फिल्म चिकटवावी लागते आणि ती काचेवर डागासारखी दिसत राहते. सगळ्याला अलार्मचा आकडा सेट करता येतो, आवाज बऱ्यापैकी मोठा असतो. खरं सांगायचं तर मी आता फक्त तो अलार्मच वापरतो.

ओबीडीवाल्याची एक अडचण, गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर काढून ठेवा, स्वस्तातले थोडाथोडा करंट पीत राहतात आणि बॅटरी आधीच जुनी असेल तर सकाळी धक्का. शिवाय काही गाड्यांत पोर्ट अशा ठिकाणी असतो की गुडघा लागतो. जीपीएसवाला घ्या, स्टार्ट केल्यावर सिग्नल पकडायला मिनिटभर घेतो एवढंच.

कोकणी_वळण

आंबोली, अणुस्कुरा, गगनबावडा करणाऱ्यांसाठी: घाटात यातलं काही चालत नाही. रेंज नाही, डोंगराच्या कुशीत जीपीएस पण नाचतो. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं हे सगळ्यात स्वस्त टेक्नॉलॉजी. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल मारून उतरणारे अजून आहेत, पुण्यात नवले पुलाच्या उतारावर ट्रकवाले तेच करतात आणि मग ब्रेक तापून लागतच नाहीत. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचत पण नाही, इंजेक्शनवाल्या गाड्यांत गिअरमध्ये पाय सोडला की इंधन बंदच होतं.

शंभर-दीडशे रुपयांचे ते गोल फुगीर आरसे मिळतात, साईड मिररच्या कोपऱ्यात चिकटवायचे, ते घ्या. बाईकवाले दिसतात.

गोदाकाठ

फुगीर आरशांना +१. मी लावलेत. फक्त त्यात गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते, पहिले काही दिवस जपून.

रिव्हर्स कॅमेरा बाबांसाठी घ्याच असं म्हणेन. मान मागे वळवणं त्या वयात होत नाही आणि सोसायटीत लहान मुलं असतात. नुसता पार्किंग सेन्सर छोट्या वस्तूला, सायकलीच्या चाकाला वगैरे चुकतो.

पिंटू_इलेक्ट्रिक

अॅडास बाहेरून बसवता येतं का? म्हणजे आपोआप ब्रेक लागेल असं?

रोजचा_एक्स्प्रेसवे

@पिंटू_इलेक्ट्रिक, आपोआप ब्रेक लागणारं नाही, बाहेरून फक्त आवाज करणारं मिळतं. ब्रेकवर कंट्रोल असलेलं अॅडास गाडीसोबतच येतं. आता ते बऱ्यापैकी खाली आलंय, डिसेंबर २०२४ ची अमेझ, महिंद्राची ३एक्सओ यांच्या वरच्या मॉडेलमध्ये आहे, पण ते दहा लाखांच्या आसपासचं नाहीतर वरचं काम. धागा जुन्या गाडीचा आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे येतो बोलायला, मला त्याच्याबद्दल बरंच बोलायचंय.

शिवणेकर

सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. आत्तापर्यंतचं: स्टेपनी बदलली, आणि चारही व्हॉल्व्ह नवे टाकले. टोपणवाला टीपीएमएस आलाय, घरीच बसवला. जीपीएसवाला डबा घेतला पण काचेवरचा आकडा बंद ठेवून फक्त अलार्म, हायवेला ९२ आणि बायकोच्या चाकणच्या रस्त्याला ६०. मागच्या सीटची बक्कलं कव्हरच्या खालून खोदून काढली. गोल आरसे लावले. हेडलाईट पॉलिश झाले. डॅशकॅम पुढच्या महिन्यात, तो ११८ वाला मुद्दा बायकोला फारच आवडलाय. रिव्हर्स कॅमेऱ्यासाठी स्टिरिओ बदलावा लागतोय म्हणून तो थांबवला, की आरशातच स्क्रीन असलेला मिळतो तो बरा?

बाबा कराडला जाऊन आले. अलार्म दोनदा वाजला म्हणे, "जातानाच, येताना नाही" असं तीनदा सांगून झालंय.

एकच प्रश्न उरलाय. टायरच्या डब्यावर सकाळी ३३ दाखवत होता, सातारच्या पुढे गेल्यावर ३८ झाला आणि डबा ओरडायला लागला. बाबांनी पंपावर थांबून हवा कमी करून घेतली. बरोबर केलं ना?

वऱ्हाडी_झटका

नाही भाऊ, अजिबात नाही! तापल्यावर हवा वाढणारच. टायर दहा डिग्रीनं तापला की साधारण दीड पॉइंट चढते, हायवेवर तीस डिग्री सहज तापते, म्हणजे ३३ चे ३८ झाले हे एकदम बरोबरच होतं. आता तिथं कमी केली म्हणजे सकाळी थंड टायरमध्ये २८ उरली असेल, अन् २८ वर हायवेला जाणं म्हणजे मी वर जे सांगितलं तेच. उद्या सकाळी गाडी हलवायच्या आधी बघा अन् दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर जेवढी लिहिली आहे तेवढी भरा, पाच जण असतील तर तिथंच फुल लोडचा वेगळा आकडा आहे तो. डब्याच्या सेटिंगमध्ये वरची मर्यादा कंपनीकडून कमी ठेवून येते, ती ४२ करा. खालची २८ ठेवा, खरी कामाची तीच आहे.

लेन्सवाली_माऊ

आरशातल्या स्क्रीनबद्दल: घ्या, पण जो मूळ आरशावर रबराने अडकवतात तो नको, तो थरथरतो आणि मागचं काहीच नीट दिसत नाही. पूर्ण आरसा बदलणारा मिळतो तो घ्या. रिव्हर्स लाईटच्या वायरवरून करंट घेतात, ते काम मात्र इलेक्ट्रिशियनकडून करा, डिक्कीच्या झाकणातून वायर नेताना रबरी नळीतूनच न्यायला सांगा, नाहीतर पहिल्या पावसात पाणी आत.